चर्मांक : ताम्रपटात सापडलेले एक खेडे

(१/१३)
वाकाटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठ्याची लेणी, रामटेकची टेकडी आणि प्रभावतीगुप्ता उभी राहते. पण हे वैभव ज्यांच्या धान्यावर पोसले गेले, त्या खेड्यांचा इतिहास कुठे शोधायचा? आजचा धागा विदर्भातील अशाच एका शेतकरी गावाविषयी.

(२/१३)
१८६८ च्या सुमारास अचलपूरच्या नैर्ऋत्येस सुमारे चार मैलांवर, चम्मक या गावी, शेत नांगरताना एक ताम्रपट हाती लागला. तो वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा होता. काळ पाचव्या शतकाचा पूर्वार्ध, राज्यवर्ष १८, तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी.

(३/१३)
मजकूर असा : भोजकट राज्यातील, मधुनदीच्या तीरावरील चर्मांक हे गाव राजाने दान दिले. ‘चर्मांक’ म्हणजेच आजचे चम्मक. राजवंश लयाला गेले, राजधान्यांची नेमकी स्थळे वादात सापडली. या खेड्याचे नाव मात्र पंधराशे वर्षांत जेमतेम झिजले आहे.

(४/१३)
दानाचा आकार मोठा होता. राजमानाने ८००० भूमी (‘भूमी’ हे तेव्हाचे मोजमाप) आणि दान घेणारे १००० ब्राह्मण. शत्रुघ्नराजाचा पुत्र कोंडराज याच्या विनंतीवरून हे दान झाले. सेनापती चित्रवर्मा. ब्राह्मणांपैकी सुमारे पन्नास जणांची नावे गोत्रांसह कोरली आहेत.

(५/१३)
आता एक साधा प्रश्न विचारू. ती ८००० भूमी कसत कोण होते? ताम्रपटात राजाचे नाव आहे, त्याच्या पूर्वजांची आहेत, सेनापतीचे आहे, विनंती करणाऱ्याचे आणि त्याच्या पित्याचेही आहे. चर्मांकातील एकाही शेतकऱ्याचे नाव नाही. तरीही तो या लेखात आहे. त्याला शोधण्याची वाट थोडी आडवळणाची आहे.

(६/१३)
ती वाट म्हणजे ‘परिहार’, अर्थात दान दिलेल्या गावाला मिळालेल्या सवलतींची यादी. सवलत ज्या गोष्टीची दिली जाते, ती गोष्ट इतर गावांना चुकत नसते. म्हणून ही यादी उलट्या बाजूने वाचली की सामान्य खेड्याने काय काय सोसावे लागे, याचा जणू जमाखर्चच हाती येतो.

(७/१३)
चर्मांकाच्या सवलती पाहा. राजाचे भट आणि छत्र, म्हणजे शिपाई व राजसेवक, गावात शिरणार नाहीत. कर नाही. गायी-बैल पुरवणे नाही. फुले व दूध देणे नाही. चारा, कातडी आसने आणि कोळसा देणे नाही. मीठ व खाणी यांवरील राजाचा हक्क इथे चालणार नाही.

(८/१३)
यातून एक चित्र उभे राहते. फिरतीवरचा अधिकारी लवाजम्यासह गावात उतरला आहे. त्याच्या जनावरांना वैरण हवी, बसायला कातडे हवे, चुलीला कोळसा हवा, पुढच्या मजलेसाठी बैल हवेत. दुभत्या गायीचे दूध आधी त्याच्याकडे जाणार. वर्षाचा कर तर वेगळाच.

(९/१३)
यादीतील एक शब्द आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे. चर्मांक गाव सर्व प्रकारच्या ‘विष्टी’पासून मुक्त केले होते. विष्टी म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेले सक्तीचे श्रम. याच शब्दापासून मराठीतील ‘वेठ’ आला. आपण सहज म्हणतो ‘वेठीस धरले’, तेव्हा त्या खेड्यांची एक जुनी तक्रारच उच्चारत असतो.

(१०/१३)
मग चर्मांकाचा शेतकरी सुखी झाला का? इथे घाई नको. प्रभावतीगुप्तेने नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, चनालस्वामी या आचार्याला दंगुण गाव दिले. तो ताम्रपट पुढे पुण्यातील एका तांबट कुटुंबाकडे आढळला. त्यात ती थेट गावच्या कुटुंबिनांना, म्हणजे शेतकरी गृहस्थांना, बजावते की यापुढे या आचार्याच्या सर्व आज्ञा पाळाव्यात. सवलती मिळाल्या आचार्याला. शेतकऱ्याचा धनी तेवढा बदलला. त्याच्यावरचा भार किती हलका झाला, हे ताम्रपट सांगत नाही.

(११/१३)
राजालाही नव्या धन्यांची पूर्ण खात्री नसावी. चर्मांकाच्या पटात अटी आहेत : त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी व व्यभिचार करू नये, राजाला विष देऊ नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. तसे झाल्यास जमीन परत घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाही. अशी कलमे उगाच लिहिली जात नाहीत. त्यामागे कसली तरी धास्ती असते.

(१२/१३)
इतिहासकारांचा वाद इथूनच सुरू होतो. रामशरण शर्मा यांना अशा भूमिदानांत भारतीय सरंजामशाहीची बीजे दिसली : राजाचे अधिकार मधल्या भूधारकांकडे गेले आणि शेतकरी त्यांच्या अधीन झाला. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांच्यासारख्यांनी याच काळाकडे स्थानिक राज्ये आणि शेती यांच्या विस्ताराचा काळ म्हणून पाहिले. जवळपास याच सुमारास भूमध्य समुद्राभोवतीच्या रोमन साम्राज्यात काय घडत होते? ३३२ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने कायदा केला : पळून गेलेला कूळ-शेतकरी, ‘कोलोनस’, ज्याच्याकडे सापडेल त्याने त्याला मूळ जागी परत धाडावे. दोन्हीकडची व्यवस्था एक नव्हती. पण ‘जमीन कसणाऱ्यावर हुकूम कुणाचा?’ हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

(१३/१३)
नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवलेल्या वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख एका खंडात संपादित केले; तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कोणतेही दानपत्र उघडलेत, तर वंशावळीनंतर थांबू नका; परिहारांपर्यंत जा. चारा, दूध, कोळसा, बैल, वेठ : गावाची खरी नोंद तिथे आहे. आणि एवढे लक्षात असू द्या की चर्मांकाचा हा लेख शतकानुशतके मातीत पडून होता, आणि तो वर आला तो नांगराच्या फाळाने.