तारणारा कोण आणि कशापासून?

धामापूरच्या तलावाची दंतकथा मालवण तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. १५३० मध्ये नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या हातांनी तो बांधून घेतला; काठावर भगवतीचं देऊळ. गरिबाघरी लग्न निघालं की फुलांची परडी पाण्यात सोडायची, देवी दागिने वर पाठवायची, कार्य उरकलं की ते परत करायचे. कुणीतरी परत केले नाहीत आणि देणं थांबलं. खरंखोटं काही असो, माणूस दैवताकडे अडीनडीला जातो एवढं या कथेत उघड आहे. गोव्यात सायबिणीपुढे, म्हणजे मेरीमातेपुढे, मेणबत्ती लावणाराही त्याच गरजेने जातो.

बौद्ध धर्म मात्र या साऱ्यापासून अलिप्त, असं आपण धरून चालतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिताना हा फरक नेमका मांडला: येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हणवलं आणि तारणासाठी ते मान्य करण्याची अट घातली, बुद्धाने अशी जागा स्वतःसाठी ठेवलीच नाही. तो मोक्षदाता नव्हे, मार्गदाता. यावर सरळ आक्षेप औरंगाबादच्या सातव्या लेण्यातून येतो. तिथे सहाव्या शतकातला अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. प्रत्येक ठिकाणी माणसं हात जोडून त्याचा धावा करताहेत. मग मार्गदाता कुठे उरला?

पण शिल्प नीट वाचावं. आठही संकटं बाहेरून येणारी आहेत. अवलोकितेश्वर जहाज तारतो; व्यापाऱ्याची तृष्णा नाहीशी केल्याचं दृश्य त्या आठांत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत येशू जे उचलतो ते पापच, म्हणजे माणसाच्या आतलं ओझं, आणि ते माणसाला एकट्याने उतरवता येत नाही, हीच त्या धर्माची मूळ धारणा. बौद्ध भक्तीने संकटमोचक स्वीकारला, मनाचं काम मात्र ज्याचं त्याच्याकडेच ठेवलं. पूर्व आशियातला अमिताभ बुद्धाचा पंथ याला अपवाद म्हणून दाखवता येईल, आणि तो मोठा अपवाद आहे. पण तिथेही नामस्मरणाने मिळतो तो सुखावतीत, म्हणजे अमिताभाच्या पवित्र भूमीत, जन्म, निर्वाण त्याच्या पुढचं. बाबासाहेबांची रेघ त्यामुळे पुसली जात नाही. धावा करणारे आणि न करणारे यांच्यामधून काढून ती संकट आणि तृष्णा यांच्यामध्ये ओढावी लागते.