घरच्या घरी अल्प खर्चात अ‍ॅक्वापोनिक्स

मासे आणि भाजीपाला एकाच पाण्यावर वाढविण्याच्या पद्धतीस अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. यात मातीची आवश्यकता नसते. पाणी पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने बाष्पीभवनाने आणि झाडांच्या शोषणाने घटणारे पाणीच तेवढे भरावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान प्रमाणावरील अ‍ॅक्वापोनिक्सविषयी तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली. प्लास्टिकच्या जुन्या पिंपांपासून असा संच घरीही तयार करता येतो.

कार्यपद्धती : माशांच्या विष्ठेतून व श्वसनातून पाण्यात अमोनिया मिसळतो. तो माशांना विषारी असतो. खडीवर वाढणारे उपयुक्त जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही माशांना घातक असते, नायट्रेट मात्र वनस्पतींचे खाद्य ठरते. त्यामुळे संचाचे यश प्रामुख्याने या जिवाणूंवर अवलंबून असते.

साहित्य व मांडणी : २०० लिटरची, खाद्यपदार्थांसाठी वापरलेली दोन पिंपे घ्यावीत. रसायनांची पिंपे वापरू नयेत. एका पिंपात सुमारे १५० लिटर पाणी भरावे. दुसरे उभे चिरून त्याचा एक अर्धा भाग मजबूत चौकटीवर, पहिल्या पिंपाहून उंच ठेवावा आणि त्यात धुतलेली खडी भरावी. खडीवर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आल्यास ती चुनखडीची असल्याने टाळावी. ताशी सुमारे १,००० लिटर पाणी उचलणारा लहान पंप दर तासाला १५ मिनिटे चालवावा. खडीत एक उभी नळी बसवून तिच्या तळाशी बारीक छिद्र ठेवावे. पंप चालू असताना वाफा भरतो, बंद झाल्यावर पाणी हळूहळू माशांच्या पिंपात परत येते. नळीच्या वरच्या तोंडाची उंची खडीच्या पृष्ठभागाच्या ३ ते ५ सेंटिमीटर खाली असावी. हवा देणारा छोटा पंप मात्र अखंड चालला पाहिजे. वीज वारंवार जात असल्यास तो बॅटरीवर चालणारा घ्यावा.

पाणी व खडी मिळून वजन सुमारे ३०० किलो होते. गच्ची अथवा सज्जावर संच ठेवण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

घाई नको : नळाचे पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन निघून जातो. संच सुरू करताच मासे सोडल्यास ते दगावण्याची शक्यता असते. त्याऐवजी रिकाम्या संचात दररोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणू वाढू लागतात. या प्रक्रियेस साधारणतः ३ ते ५ आठवडे लागतात, थंडीत अधिक. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट जवळपास शून्यावर येऊन नायट्रेट आढळू लागले, की मासे सोडावेत.

मासे व पिके : सुरुवातीस ६ ते ८ लहान गोल्डफिश पुरेसे आहेत. खाण्यासाठी रोहू, कटला वाढवायचे असल्यास किमान १,००० लिटरचे टाके हवे. तिलापिया पालनासाठी शासनाची परवानगी लागते, तर आफ्रिकी मांगूरच्या पालनावर देशात बंदी आहे. पालक, पुदिना, कोथिंबीर यांपासून आरंभ करावा. मासे पाच मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. कीटकनाशके वापरू नयेत, कारण ती थेट माशांपर्यंत पोहोचतात.

मासे मोठे होऊ लागल्यावर पिंपाचा दुसरा अर्धा भाग जोडता येतो. त्यावेळी वाढणाऱ्या वजनाचा पुन्हा विचार करावा. लहान संचातून मासळीपेक्षा भाजीचेच उत्पन्न अधिक मिळते.