संगणकाच्या सेटअप-सूचना

प्रोग्राम बसवणे, प्रिंटर जोडणे, मराठी कीबोर्ड सुरू करणे अशा कामांसाठी, त्यांची सवय नसलेल्या माणसाला समोर ठेवून लिहिलेला क्रमवार मजकूर म्हणजे सेटअप-सूचना. बायनॅक या संगणकाची माहितीपुस्तिका जोसेफ चॅपलिन यांनी १९४९ मध्ये लिहिली, तेव्हा संगणकाशी गाठ पडायची ती जाणकारांचीच. घरोघरी संगणक आले आणि वाचक बदलला, तरी सूचना बहुधा जुन्याच घडणीच्या राहिल्या: हे उघडा, ते निवडा, 'ओके' दाबा. अशा मजकुरात कृतीची वाक्ये सहसा सगळी असतात. गळते ते खुणेचे वाक्य, म्हणजे 'आता पडद्यावर अमुक दिसले पाहिजे' हे सांगणारे. नवख्या माणसाला सर्वांत जास्त गरज त्याच वाक्याची असते. ते नसेल तर तिसऱ्या पायरीवर झालेली चूक त्याला आठव्या पायरीवर कळते, आणि तोवर मागे कुठे जायचे हेही त्याच्या लक्षात राहिलेले नसते.

हे वाक्य गळण्यामागे लिहिणाऱ्याचा आळस क्वचितच असतो. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आपल्या संशोधनात काही जणांना परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितले आणि ऐकणाऱ्यांना गाणे ओळखायला लावले. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात सूर चालू असतात, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. सूचना लिहिणाऱ्याचेही असेच होते. पडदा त्याच्या डोळ्यांत भरलेला असतो, म्हणून पडद्यावर काय दिसते हे लिहायचे त्याला सुचत नाही.

विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड बसवण्याचे उदाहरण घेऊ. 'सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा आणि टाइप करायला लागा' ही सूचना खोटी नाही, पण ती पाळूनही बरेच जण अडतात, कारण मराठी जोडली म्हणजे कीबोर्ड मराठी झाला असे नव्हे. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. इथे खुणेचे एक वाक्य नीट निवडले तर मोठे काम करते. 'के'ची कळ दाबून पाहा, असे सांगणे मोहाचे असते, कारण इन्स्क्रिप्ट मांडणीत तिथे 'क' आहे. पण उच्चारानुसार चालणाऱ्या फोनेटिक कीबोर्डवरही त्याच कळीने 'क'च येतो, तेव्हा या चाचणीतून काहीच ठरत नाही. त्याऐवजी 'एच'ची कळ दाबायला सांगावी. 'प' उमटला तर इन्स्क्रिप्ट सुरू आहे; 'ह' आला तर फोनेटिक निवडला गेला आहे; इंग्रजी 'एच'च आला तर भाषा बदललेली नाही, तेव्हा पुन्हा विंडोज आणि स्पेसबार. एका कळीची तीन उत्तरे आणि प्रत्येकाचा पुढचा रस्ता, तोही दोन ओळींत. आधी काय असायला हवे हेसुद्धा असेच सांगावे लागते. विंडोज एक्सपीच्या काळात भारतीय लिप्यांसाठी लागणाऱ्या फाइली वेगळ्या बसवाव्या लागत आणि त्यासाठी अनेकदा मूळ सीडी मागितली जाई. ही अट शेवटच्या ओळीत वाचायला मिळाली तर सीडी हाताशी नसलेल्या माणसाचा सगळा खटाटोप वाया जाई. अट आणि इशारा कृतीच्या आधीच हवेत, कारण लोक वाचतात आणि लगेच करतात.

यावर पहिला आक्षेप लांबीचा: एवढे लिहिले तर वाचणार कोण? लोक लांब मजकूर वाचत नाहीत, हे खरेच आहे. १९८० च्या दशकात आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच दिसले; शिकणारे पुस्तिका बाजूला ठेवून थेट करून पाहत, आणि चुकले की अडकून पडत. त्यावर त्यांनी जी 'मिनिमल मॅन्युअल' रचली तिच्यात प्रस्तावना, उजळणी, संकल्पनांचे विवेचन यांना कात्री लावली, पण चूक ओळखायची कशी आणि तीतून सुटायचे कसे याला मुद्दाम जागा दिली. म्हणजे कापायचे असेल तर युनिकोडचा इतिहास कापावा. 'प उमटला पाहिजे' हे तीन शब्द ठेवावेत.

दुसरा आक्षेप, पडद्याची चित्रे किंवा व्हिडिओ असताना शब्द कशाला? चित्राने जागा पटकन सापडते, हे मान्य. पण चित्र फक्त बरोबर झालेला पडदा दाखवते. आपला पडदा तसा नसेल तर काय करायचे, हे त्याला सांगता येत नाही. शिवाय चित्र लवकर शिळे होते: विंडोज १० मधली रचना विंडोज ११ मध्ये तशीच्या तशी राहिलेली नाही. म्हणून सूचना कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे वरच लिहावे, आणि खूण अशी निवडावी की जी रंगरूप बदलले तरी टिकेल. बटण निळे आहे की करडे, यापेक्षा कोणत्या कळीने कोणते अक्षर येते ही खूण कितीतरी जास्त टिकाऊ आहे.

तिसरा आक्षेप जास्त नाजूक आहे: इतके बारीक सांगितले तर वाचकाला आपण अडाणी ठरवले गेलो असे वाटणार नाही का? वाटू शकते, पण ते तपशिलामुळे नव्हे, 'अगदी सोपे आहे', 'फक्त एवढेच करा' अशा शब्दांमुळे. सोपे म्हटलेले जमले नाही की माणूस स्वतःलाच दोष देतो. इथला नवखा वाचक बऱ्याचदा दुसऱ्या कामात वाकबगार असतो. टंकयंत्रावर मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेल्या माणसाची बोटे लिहिणाऱ्यापेक्षा चपळ असतील. त्याला अनोळखी आहे ती इन्स्क्रिप्टची मांडणी आणि सेटिंग्जची वाट. फोनवरून मदत करणाऱ्याला खुणेची गरज आपोआप उमगते. समोरचा पडदा त्याला दिसत नसतो, म्हणून दर पायरीनंतर तो विचारतो, "आता काय दिसतंय?" लेखी सूचना तपासायची तर तो प्रश्न लिहिणाऱ्याने गिळायचा असतो: एखाद्या नवख्या माणसाच्या हाती कागद द्यावा, शेजारी गप्प बसावे, आणि माउसवरचा त्याचा हात जिथे थबकेल त्या ओळीसमोर पेन्सिलीने खूण करावी.