फाइलीतील किमान-कमाल: एका रीतीची कुळकथा

फाइलीतील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या काढून देणारी स्वतंत्र आज्ञा युनिक्स या संगणक-प्रणालीच्या कर्त्यांनी लिहिली नाही. हे काम छोट्या आज्ञा एकत्र जोडून होऊ लागले. अमेरिकेत न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडले. नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या मार्गदर्शिकेत ओळी क्रमाने लावणारी ‘सॉर्ट’ ही आज्ञा होती. पण तिचा निकाल दुसऱ्या आज्ञेला द्यायचा तर तो आधी तात्पुरत्या फाइलीत साठवावा लागे. प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, अशी मागणी बेल लॅब्जमधल्याच डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात केली होती. १९७३ मध्ये युनिक्सच्या कर्त्यांपैकी केन थॉम्प्सन यांनी एका आज्ञेचा निकाल थेट दुसरीला देणारा ‘पाइप’ आणला आणि ती मागणी पूर्ण झाली. आता सॉर्टच्या निकालाची पहिली ओळ घेतली की किमान मिळे, शेवटची घेतली की कमाल.

यात एक खोच आहे. सॉर्ट एरवी ओळींकडे अक्षरे म्हणून पाहते. ९, २३ आणि १०० या संख्या दिल्या, तर १०० पहिली येते आणि ९ शेवटी; म्हणजे किमान १०० आणि कमाल ९! संख्यांचा क्रम हवा असेल तर ‘-एन’ हा पर्याय द्यावाच लागतो.

शिवाय दोनच संख्यांसाठी सगळी फाइल क्रमाने लावणे हा अपव्यय आहे. फाइल स्मृतीत मावली नाही, तर सॉर्टला तिचे तुकडे डिस्कवर ठेवून पुन्हा जुळवावे लागतात. यावरचा खरा उपाय १९७७ मध्ये आला. आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहन यांनी आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव दिलेली ‘ऑक’ ही भाषा फाइल ओळीओळीने वाचते. आतापर्यंतची किमान आणि कमाल संख्या दोन चलांत ठेवायची, प्रत्येक नवी संख्या त्यांच्याशी ताडून पाहायची. एकाच वाचनात काम संपते.

इथेही जपावे लागते. ऑकमध्ये किंमत न दिलेले चल शून्य मानले जाते. काश्मीरमधल्या हिवाळी तापमानांच्या फाइलीत -७, -३ आणि -१२ एवढ्याच नोंदी असतील, तर कमाल म्हणून -३ ऐवजी शून्य समजले जाईल. म्हणून पहिल्या ओळीवरची संख्याच दोन्ही चलांत भरून सुरुवात करावी.

थोड्या ओळींसाठी सॉर्ट पुरेशी आहे. लाखो ओळींसाठी ऑकच वापरावी.