ईदच्या भेटीगाठी, सिगारेटचा धूर आणि दमा
ईदला नातेवाइकांकडे जाणं आपण टाळत नाही. पण मामू किंवा चाचा घरात बिडी-सिगारेट ओढत असतील, तर दमा असलेल्या मुलाला तिथेच धाप लागू शकते. खिडकी उघडून किंवा दुसऱ्या खोलीत ओढून भागत नाही. धूर घरभर पसरतो, पडद्यांत आणि कपड्यांत राहतो. लोबान, अगरबत्ती, उग्र अत्तर यांचाही काहींना त्रास होतो.

म्हणून आदल्या दिवशीच फोन करून अदबीनं सांगावं, "मामू, मुलाला दमा आहे. आम्ही असेपर्यंत सिगारेट घराबाहेर ओढाल का?" संकोच वाटला तर घरातल्या मोठ्यांकडून निरोप द्यावा.

डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप सणाच्या गडबडीत चुकवू नये. त्रास झाल्यावर घ्यायचा पंप आणि लहान मुलांचा स्पेसर हाताशी ठेवावा. खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज सुरू झाला की धुरातून बाहेर पडून लगेच पंप द्यावा. तरीही आराम पडला नाही, बोलताना धाप लागली किंवा ओठ निळसर झाले तर थेट हॉस्पिटल गाठावं.

शीरखुर्मा अर्धा टाकून उठलो तरी नातं तुटत नाही. मुलाचा श्वास आधी.