अर्धवट माळ्याचं घर

अमेरिकेत दोन-चार वर्षं काढून आलेला कुठलाही आयटीवाला तुम्हाला दोन गोष्टी हमखास सांगेल. एक म्हणजे होम डेपो नावाचं तिकडचं अवाढव्य दुकान आणि दुसरी म्हणजे शनिवारी सकाळी अख्ख्या गल्लीत घुमणारा गवत कापायच्या मशीनचा आवाज. नळ स्वतः बदलायचा, भिंत स्वतः रंगवायची, लॉन स्वतः कापायचं. आपण इथे साधा पडद्याचा रॉड लावायलाही वॉचमनला सांगून माणूस शोधतो, त्यामुळे आपल्याला त्याचं भारी कौतुक. 'तिकडे डॉक्टरसुद्धा सुतारकाम करतो!' वगैरे. श्रमप्रतिष्ठा हा शब्द पाठोपाठ येतोच. (आपल्याकडचा हातकामाचा आणि जातीचा संबंध हा मोठा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.)

तिकडे मजुरी महाग म्हणून लोक स्वतः करतात, हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ही भानगड नीट समजून घ्यायची तर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतात जायला हवं.

1945 साली महायुद्ध संपलं. लाखो सैनिक घरी परतले, त्यांची लग्नं झाली, पोरं झाली आणि राहायला घरं नाहीत! आधी मंदी, मग युद्ध, त्यामुळे पंधरा वर्षांत बांधकाम फारसं झालंच नव्हतं. 1944 च्या कायद्याने माजी सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारची हमी मिळाली होती. ही संधी लेव्हिट अँड सन्स या कंपनीने बरोब्बर हेरली. बाप अब्राहम, मुलगे विल्यम आणि आल्फ्रेड. घर बांधायचं काम त्यांनी 26 टप्प्यांत तोडलं. मोटारीच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतो, इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकणार. एक टोळी फक्त फरशा बसवणार, दुसरी फक्त रंग मारणार. ऐन भरात दिवसाला तीसच्या वर घरं उभी राहत. 1947 ते 1951 या काळात 17,447 घरं झाली आणि गावाचं नाव अर्थातच लेव्हिटटाउन.

सुरुवातीची घरं 750 चौरस फुटांची. दोन बेडरूम, स्वयंपाकघर, बैठकीची खोली, बाथरूम. तळघर नाही. आणि वर माळा, पण अर्धवट. जिना होता, छप्पर होतं, मधे मात्र नुसत्या तुळया. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन 1.0 रिलीज करून टाकलं आणि उरलेलं युजरच्या गळ्यात मारलं :) घर स्वस्त ठेवण्याची ही युक्तीच होती. 1949 साली विक्री सुरू झाली तेव्हा किंमत होती 7,990 डॉलर्स, आणि माजी सैनिकाला आधी एक पैसाही भरावा लागत नसे.

दुसरं मूल झालं की माळ्याकडे लक्ष जाई. आता मजा बघा, नेमक्या त्याच सुमारास माणसाच्या हाताला चार गोष्टी लागल्या होत्या. पहिली म्हणजे जिप्समचे तयार बोर्ड. जुन्या पद्धतीच्या गिलाव्याला कसलेला गवंडी लागायचा. बोर्ड मात्र सुरीने रेघ मारून मोडता येतो आणि खिळ्यांनी ठोकता येतो. दुसरी, आठ फूट बाय चार फुटांचं प्लायवुड. तिसरी, पाण्यात कालवायचा लेटेक्स रंग, जो 1948 साली घरगुती बाजारात आला. टर्पेंटाइनचा वास नाही, ब्रश नळाखाली धुवा की झालं. चौथी म्हणजे ड्रिल. पिस्तुलासारखी मूठ आणि खटका असलेलं विजेचं ड्रिल ब्लॅक अँड डेकरने पहिल्या महायुद्धाच्या काळातच काढलं होतं, पण ते कारखान्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धात विमान-कारखान्यांतले कामगार हत्यारं गुपचूप घरी नेतात हे कंपनीच्या लक्षात आलं, अशी गोष्ट सांगतात. चोर पकडण्याऐवजी त्यांना गिऱ्हाईक दिसलं! 1946 साली त्यांनी घरगुती वापराचं ड्रिल बाजारात आणलं.

शिवाय वेळही होता. 1938 च्या कायद्यामुळे चाळीस तासांचा आठवडा रुळला होता, म्हणजे शनिवार मोकळा. लेव्हिटची घरं कशी वाढवावी एवढ्याच विषयाला वाहिलेलं 'थाउजंड लेन्स' नावाचं एक मासिकसुद्धा निघायचं. ऑगस्ट 1954 मध्ये टाइमने या वेडावर मुखपृष्ठकथा केली.

लॉनची गोष्ट जरा वेगळी. ती हौस कमी आणि सक्ती जास्त. म्हातारे अब्राहम लेव्हिट बागेचे भलते शौकीन, स्थानिक पेपरात बागकामाचा स्तंभ लिहायचे. आठवड्यातून एकदा गवत कापायचं असा नियमच होता. नाही कापलं तर कंपनीचा माणूस येऊन कापणार आणि बिल तुम्हाला पाठवणार. कुंपण घालायचं नाही. शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. (आपल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी हे वाचत असतील तर कृपया नोंद घेऊ नये.) त्यातच युद्धानंतर 2,4-डी हे तणनाशक आलं. ते रुंद पानांची झाडं मारतं, गवताला सोडतं. तोवर लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळत, कारण त्याच्यामुळे जमिनीला नत्र मिळतं. पण त्याची पानं पडली रुंद! औषधाने तण गेलं तसं क्लोव्हरही गेलं आणि मग क्लोव्हरलाच तण म्हणायला लागले.

स्वतःचं घर आणि अंगण असलेला माणूस कम्युनिस्ट होऊ शकत नाही, त्याला कामंच इतकी असतात, असं विल्यम लेव्हिट म्हणायचा. विनोद चांगला आहे. पण त्याच्याच भाडेकरारातलं 25 वं कलम वाचलं की हसू जातं. गोऱ्या वंशाखेरीज कुणालाही हे घर वापरू देणार नाही, असं भाडेकरूने लिहून द्यायचं. अपवाद फक्त घरगड्यांचा. 1948 साली सुप्रीम कोर्टाने असे करार कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. कलम पुढे कागदावरून गेलं, धोरण तेच राहिलं. घरांचा प्रश्न सोडवू किंवा वंशाचा, दोन्ही एकदम जमणार नाही, हे लेव्हिटचं म्हणणं. आणि कर्जांना पाठबळ देणाऱ्या सरकारी खात्याची नियमावलीही वस्त्या वेगळ्या ठेवायच्याच बाजूची होती.

ऑगस्ट 1957 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं राहायला आलं. बरोबर लहान मुलं. विल्यम स्वतः महायुद्धातला माजी सैनिक. घर त्यांनी कंपनीकडून नाही, आधीच्या गोऱ्या मालकाकडून घेतलं. रात्रीच्या रात्री घरासमोर शेकडोंचा जमाव. काचा फुटल्या, राज्याचे पोलीस आणावे लागले. मागच्या रिकाम्या घरात अड्डा जमवून लोक मोठ्याने गाणी लावायचे. पाठराखण करणाऱ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर 'केकेके' रंगवलं गेलं. शेवटी कोर्टाच्या मनाई हुकुमानंतर हे थांबलं. मायर्स कुटुंब तिथे आणखी काही वर्षं राहिलं.

आता पुन्हा त्या माळ्याकडे या. शनिवारी ठोकलेला प्रत्येक बोर्ड घराच्या किमतीत जमा होत होता. दोन खोल्या वाढल्या, घर चढ्या भावाने विकलं गेलं, त्यातून पोरांची कॉलेजं झाली. पगारातून कधीच साठली नसती एवढी पुंजी हाताच्या कामातून साठली. सुतार, गवंडी, रंगारी अशी कामं पिढ्यानपिढ्या करणारी कृष्णवर्णीय कुटुंबं अमेरिकेत भरपूर होती. सैन्यात गेलेलेही होते. हत्यारंही दुकानात त्याच किमतीला मिळत होती. त्यांची मेहनत मात्र शहरातल्या भाड्याच्या खोलीत, घरमालकाच्या भिंतीवर खर्च होत होती.

घरविक्रीतल्या भेदभावावर देशभर बंदी घालणारा कायदा आला 1968 साली. लाँग आयलंडवरची तीच घरं आज पाच लाख डॉलर्सच्या वर जातात, आणि 2010 च्या जनगणनेत तिथली कृष्णवर्णीय वस्ती एक टक्क्याच्या आसपास होती.