हडसनकाठचे ओसाड धक्के आणि छायाचित्रांची साक्ष

इतिहासाचे साधन म्हटले की सनदा, बखरी, ताम्रपट आणि दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्यांच्या नावे कोणतीही सनद निघाली नाही, ज्यांचा वावरच मुळात बेकायदा होता, त्यांचा इतिहास कोठे शोधावा? न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर, हडसन नदीच्या काठी, १९७० नंतरच्या दीड दशकात वावरलेल्या कलावंतांची छायाचित्रे पाहताना हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

या धक्क्यांना अवकळा का आली, ते आधी पाहू. १९५६ मध्ये शेजारच्या न्यूअर्क बंदरातून ५८ कंटेनर घेऊन एक जहाज ह्यूस्टनला गेले आणि मालवाहतुकीची रीतच पालटली. कंटेनर रचण्यास विस्तीर्ण मोकळे आवार लागते. मॅनहॅटनच्या अरुंद धक्क्यांवर ते कोठून मिळणार? व्यापार नदीपलीकडे न्यू जर्सीत गेला. मुंबईच्या जुन्या गोद्यांतील माल १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे कसा वळला, हे आपल्या वाचकांस आठवत असेल. त्यात १९७३ च्या डिसेंबरात हडसनकाठच्या उन्नत महामार्गाचा एक भाग, दुरुस्तीचेच साहित्य वाहणाऱ्या मालमोटारीच्या भाराने कोसळला. पुढे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलेल्या शहराला या गुदामांकडे पाहण्यास सवड नव्हती. तेथे समलिंगी पुरुष, बेघर मुले आणि कलावंत येऊ लागले.

कलावंतांनी मात्र ही जागा आधीच हेरली होती. १९७१ मध्ये धक्का क्रमांक १८ वर २७ कलावंतांनी आपापले प्रयोग योजले. त्यांस प्रेक्षक नव्हते. शंक आणि केंडर या छायाचित्रकारांनी ते टिपले आणि ती छायाचित्रेच पुढे प्रदर्शनात मांडली गेली. १९७५ मध्ये गॉर्डन मॅटा-क्लार्क याने धक्का क्रमांक ५२ वरील लोखंडी पत्र्याच्या प्रचंड गुदामाची जमीन कापून खालचे पाणी उघडे केले आणि पश्चिमेच्या भिंतीत मोठा वक्राकार झरोका पाडला. मावळतीचे ऊन त्यातून आत उतरे. परवानगी अर्थातच नव्हती. त्याच्या अटकेचे वॉरंट निघाले. परंतु ज्याने स्वतः बेकायदा प्रवेश केला, त्यानेच इतरांनी आत येऊ नये म्हणून वाटा बंद करून आपले कुलूप लावले होते, हेही नोंदविले पाहिजे.

ते इतर लोक कोण होते, हे आपणांस अॅल्विन बाल्ट्रॉप याच्यामुळे कळते. ब्राँक्समध्ये १९४८ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय छायाचित्रकार आरमारातून परतला, टॅक्सी चालवू लागला आणि पुढे धक्क्यांवर अधिक वेळ मिळावा म्हणून तेही काम सोडून आपल्या गाडीतून सामान वाहू लागला. १९७५ ते १९८६ या काळात त्याने तेथील हजारो छायाचित्रे घेतली. त्यासाठी प्रसंगी गुदामाच्या छतापासून स्वतःला दोरांनी टांगून घेतले. मॅटा-क्लार्कच्या त्या झरोक्यापाशी निवांत बसलेली माणसे त्याच्याच छायाचित्रांत दिसतात. कुलूप टिकले नाही, माणसे परतली. बाल्ट्रॉपच्या हयातीत त्याची प्रदर्शने मोजकीच झाली. २००४ मध्ये तो वारला. ब्राँक्सच्या कलासंग्रहालयाने त्याचे मोठे प्रदर्शन भरविले ते २०१९ मध्ये.

१९८३ मध्ये डेव्हिड वोइनारोविच आणि माइक बिड्लो यांनी धक्का क्रमांक ३४ ची पडीक इमारत चित्रांसाठी निवडली. मित्र आले, मित्रांचे मित्र आले. निवड समिती नव्हती, विक्री नव्हती. ज्याला जी भिंत सापडेल, ती त्याची. वोइनारोविचने तर गळून पडलेल्या गिलाव्यात गवताचे बी फेकले आणि खोलीत कुरण उगवले! बातमी फुटली, पोलीस आले आणि १९८४ मध्ये इमारत पाडण्यात आली. अँड्रियास स्टर्झिंग या छायाचित्रकाराने त्या भिंती आणि तेथे वावरणारे कलावंत टिपले नसते, तर आज त्यांचे काय उरले असते?

या चित्रांकडे पाहताना आणखी एक गोष्ट मनास चटका लावते. त्यांतील अनेकांस एड्सच्या साथीने नेले. याच धक्क्यांची छायाचित्रे घेणारा पीटर हुजार १९८७ मध्ये गेला, वोइनारोविच १९९२ मध्ये. इमारती पाडल्या गेल्या आणि साक्षीदारही उरले नाहीत.

सरकारी दप्तरांत आमची हयात गेली. एखाद्या वास्तूपुढे ‘वापरात नाही’ असा शेरा आम्हीही अनेकदा लिहिला आहे. तो शेरा खोटा नसे. पण तेथे कोण येऊन बसते, हे आम्ही कधी विचारले नाही. शहराच्या लेखी हडसनकाठचे हे धक्केही निरुपयोगीच होते. छायाचित्रांनी त्या शेऱ्याला दिलेले उत्तर आज इतिहास झाले आहे.

२०२१ मध्ये धक्का क्रमांक ५२ च्या जागी डेव्हिड हॅमन्स या कलावंताने त्या जुन्या गुदामाची केवळ बाह्यरेषा दाखविणारा पोलादी सांगाडा उभारला. त्यास भिंती नाहीत, छप्पर नाही. आत कोण होते, हे जाणावयाचे असेल त्याने बाल्ट्रॉपची छायाचित्रे उघडावीत.